साडेसात, आठवड्यातून एकदा

चांगुणाबाईंनी काउंटरवर पट्टी आपटली.
"बदलून दे. लागत नाय गोली."
हाताला बर्फाचा नि बोंबलांचा वास,
बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे.

पट्टीतला एकही फुगा फुटलेला नव्हता.

म्हटलं, कागद दाखवा आधी.
कमरेच्या पिशवीतून निघाला तो, आठ घड्यांचा,
कोपऱ्याला खवला चिकटलेला.

मी कागद वरून वाचते.
थेट औषधावर जायचं नाही,
हे मला एका चुकीने शिकवलं.
तिच्याबद्दल मी इथे बोलणार नाही.

वर डॉक्टर मुळगुंद, बेलापूर, सेक्टर पंधरा.
खाली त्यांचा नोंदणी क्रमांक, बारीक,
कुणी कधी वाचत नाही तो.
काही बिघडलंच तर पहिलं बोट त्याच्यावर पडतं.
तारीख सहा आठवड्यांपूर्वीची.
नाव चांगुणा कोळी, वय बासष्ट.

दिवाळे गावात मला माहीत असलेल्या
चांगुणा कोळी तीन.
त्यातली एक एकोणीस वर्षांची, अंगावर पाजणारी.
ही गोळी तिच्या घरी गेली तर…
म्हणून वय. नुसत्या दोन आकड्यांवर
मी तिघींना वेगळं करते.

मग तो आर, पायाला फुली मारलेला.
म्हणे त्याचा अर्थ फक्त "घे".
एवढा मोठा हुकूम, आणि एवढा अर्धवट.
काय, किती, कधी
ते खाली कुणीतरी लिहावं लागतं.

खाली सात, टिंब, पाच.
टिंब घामाने पुसलं की पंच्याहत्तर होतात,
म्हणून डॉक्टरांनी शेजारी अक्षरांत लिहिलेलं: साडेसात.

"साडेसाती हाय का काय?"
"साडेसात. तीन गोळ्या मिळून. आठवड्यातून एकदाच."
'एकदाच'खाली दोन रेघा, कागद फाटेल अशा.
हीच गोळी रोज घेतली
तर तोंड सोलतं, रक्त बनायचं थांबतं.
मी त्या रेघांवर नखाने तिसरी ओढली.

वार: सोम. जेवणानंतर.

"नातवानं वाचून दावलान," बाई म्हणाल्या, "शब्द न् शब्द.
पन सोमवारी मी जेवतच नाय.
पान्यावर असते.
मंग जेवनानंतर कवा येल?"

सहा सोमवार.
सहा सोमवार ही बाई कागदाशी प्रामाणिक राहिली होती,
आणि बोटं मिटेनाशी झाली होती.

डॉक्टरांना फोन लावला.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
मग, "हे मी विचारलंच नव्हतं.
बुधवार करा."

मी करू शकत नाही.
पेन माझ्याकडे आहे, सही नाही.
दुकानातल्या इर्शादला सायकलवर पिटाळलं.
बाई स्टुलावर बसल्या,
येणाऱ्या गिऱ्हाइकांना सरका म्हणाल्या.

कागद परत आला.
'सोम'वर एकच आडवी रेघ,
आधी काय होतं ते वाचता यावं म्हणून.
वर 'बुध'. शेजारी आजची तारीख, सही.
तळाशी रक्त तपासायची ओळ, तिच्याभोवती नवा गोल.
आणि दुसरी गोळी, फॉलिकची, शुक्रवारी,
ती त्या न चुकता घेत होत्या. ती तशीच.

"बुधवारी काय जेवता?"
पहिल्यांदा हसल्या.
"बुधवारी? पापलेट, इकून उरला तर.
नाय तं मांदेली."

पाकिटावर मी जाड पेनाने तीन टिंबं काढली
आणि खाली एक मासा.

बाईंनी पाकीट लांब धरलं, जवळ आणलं.
"यो कंचा मासा?"
"पापलेट."
"ह्या? शेपटी चुकली तुजी."

गड्ड्यांसारख्या बोटांत माझं पेन धरून,
दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा धरून,
त्यांनी शेपूट दुरुस्त केली.