पडण्याचा तास

ज्युदोचा कोट आणला, दोन मापं मोठा,
वाढत्या अंगाचा.
बाह्या तीनदा दुमडल्या तरी
गार्गीचे हात आतच हरवलेले.
मी कापड चिमटीत धरून पाहिलं, सवयीनं.
आजोबा तांडापेठेत मागावर बसायचे,
त्यांची तेवढी चिमूट माझ्या बोटांत उतरली,
माग नाही, धोटा नाही.
जाड, दाणेदार वीण.
कुणीतरी ओढावा म्हणूनच शिवलेला कपडा
मी पहिल्यांदा पाहत होतो.

"सहा वर्षांची पोरगी, काहून घातली तिथं?"
थोरली बहीण फोनवर.
"हातपाय मोडून घेईन, बापा."
मी सांगितलं नाही
की शाळेच्या व्हॅनमध्ये कुणीतरी रोज तिचा डबा उघडतं
आणि ती खिडकीबाहेर पाहत बसते.
खिडकीबाहेर पाहणं
ती माझ्याकडूनच शिकली असेल.

समाजभवन, संध्याकाळचे साडेपाच,
एप्रिल, बाहेर चव्वेचाळीस.
कूलरच्या तोंडाशी कोण बसणार यावर
पालकांची मुकी कुस्ती.
आत निळ्या चटया,
रबराचा आणि घामेजल्या तळव्यांचा वास.
धकाते सर बुटके, एक कान मोडलेला,
बोलतात इतकं हळू
की ऐकायसाठी पोट्टे आपोआप गप्प.
म्हणाले, "महिनाभर फक्त पडायचं."
"अन् मारायचं कधी, सर?"
"आमच्यात मारणं नाहीच, पराते.
धरणं आहे, फेकणं आहे. पण ते मंग.
आधी जमिनीशी ओळख करून देतो."

फी भरून झाली होती. तीन महिन्यांची.

मग रोज तेच.
चटईला नमस्कार, उकिडवं बसायचं,
हनुवटी छातीशी, मागे जायचं
आणि दोन्ही तळहात आपटायचे,
धप्प.
बावीस पोरं एकदम, धप्प,
दिवाळीआधी गच्चीवर गाद्या झोडाव्यात तशी.
सर फक्त माना पाहत फिरतात.
"जमिनीले डोकं नाही द्यायचं.
हात द्या. डोकं आपलं."

ती चालायला लागली तेव्हापासून
माझ्या तोंडी एकच शब्द: पडशील.
जिन्यात पडशील, मोरीत पडशील,
फुटाळ्याच्या कठड्यावर तर हात सोडलाच नाही.
इतक्यांदा म्हटलं
की ते आपलं दुसरं नाव आहे असं तिला वाटलं असेल.
आणि इथं एक माणूस माझ्याकडून पैसे घेऊन
तिला सांगतो,
शाब्बास, छान पडलीस.

काल परतताना
गाडी पुरती थांबायच्या आत तिनं उडी मारली.
आमच्याकडचे सिमेंटचे रस्ते घरांहून उंच,
कडेला पाय अडकला.
लहान मूल पडलं की आधी आपल्याकडे पाहतं,
मग ठरवतं रडायचं की नाही.
हे मला ठाऊक आहे. मी चेहरा तयार ठेवला,
निम्मा घाबरलेला, निम्मा हसरा.

धप्प.

हनुवटी छातीशी, तळहात सिमेंटवर.
उठली. खडे झटकले.
"हे चटईपेक्षा कडक आहे,"
असं रस्त्यालाच म्हणाली
आणि चालू लागली रसवंतीकडे.

मी स्टँड लावलं
आणि कुणी न मागितलेला तो चेहरा
तसाच घेऊन तिच्यामागे गेलो.
दोन हाफ, एक बिनबर्फाचा.
फेस वरच्या ओठाला लागलेला,
मध्येच म्हणाली,
"तो अजून उघडतो माझा डबा."

घुंगरं वाजत होती चरकाची.
मी विचारलं, "मग तू?"

"मी झाकण धरून ठेवते."