विंगेतून

सिद्राय बेळगुंदकर गेला, अशी बातमी आली
आतल्या पानावर, चार ओळींत.
फोटोत तो आहे, पण मागे, धूसर.
पुढं हसतोय तो नट कोण, मला माहीत नाही.
मला विचारलं असतं तर दुसरा दिला असता,
पण माझ्याकडंही नाहीत, खरं सांगायचं तर.
मी प्रॉम्प्टर. विंगेतून माणूस
एकाच बाजूनं दिसतो:
एक कान, अर्धं नाक,
घामानं गळ्याकडं उतरत चाललेला रंग.
एवढाच सिद्राय मला तोंडपाठ आहे.

वडगावात, त्यांच्या घरात, दोन माग.
बाप साडीचे काठ विणायचा
आणि पोरगा त्याच ठेक्यावर पाठ करायचा,
धोटा जाईल तेवढं वाक्य,
परत येईल तेवढा श्वास.
पुढं एका दिग्दर्शकानं विचारलं,
ही वाक्य तोडायची पद्धत कुठल्या शाळेची?
"सहावी नापास, साहेब.
दोरा तुटला की थांबायचं, एवढंच येतंय."

शनिवारी कॅम्पात मराठी प्रयोग,
जत्रेच्या दिवसांत गोकाककडं तंबूत कानडी, उजाडेपर्यंत.
एकदा झोपेच्या तारेत
एका नाटकातला राजा दुसऱ्यात शिरला
आणि कानडी दरबारात मराठीत गरजला.
मी वही मिटली, डोळेही मिटले.
प्रधानानं मुजरा करून कानडीत उत्तर दिलं.
टाळ्या पडल्या.
पाट्यांना डांबर फासलं ते वर्ष मात्र
तो मागावरच बसून होता.

कोल्हापुरात म्हणाले, आवाज झकास, पण हेल कानडी.
बेंगळुरात म्हणाले, कानडी चांगलं, पण मराठीचा वास येतो.
मग त्याला मुक्याची कामं मिळाली.
चार सिनेमे, चार राखणदार, एकच कंदील.
पाचव्यात एक वाक्य होतं,
ते डबिंगला दुसऱ्यानं म्हटलं.
आम्ही सगळे गेलो होतो टॉकीजला,
गंगव्वा शेंगदाणे घेऊन.
वाक्य आलं तशी ती एवढी हसली
की पुढची रांग मागं वळली:
"ह्यो कोण बोलूलालाय ह्येंच्या तोंडातनं?"
सिद्राय पण हसला. शेंगदाणे मात्र खाल्ले नाहीत त्यानं.

माझी एक चूक सांगायची राहिली.
पहिल्याच वर्षी,
बापाच्या प्रेतापाशी तो गप्प उभा.
मी मोजलं, तीन, चार, पाच,
आणि ओळ दिली. जरा मोठ्यानंच.
मध्यंतरात, मिशी एका बाजूनं सुटलेली,
त्यानं माझी कॉलर धरली:
"थांबलो होतो बे, विसरलो न्हाई.
कळाय पायजे की तुला."
त्यानंतर कळत गेलं.
पापणी हलली, तर विसरलाय.
अंगठा बोटावर दाबलेला असेल, तर थांबलाय.

शेवटचे दोन महिने सिव्हिलमध्ये
तो खरंच विसरत होता.
पाण्याला पाणी आठवेना, नीरु आठवेना.
मी उशाशी स्टुलावर.
"पाणी," मी हळूच द्यायचो.
"पाणी दे," तो म्हणायचा, भारदस्त,
बाल्कनीपर्यंत पोचेल असं.

मंगळवारी दुपारी गंगव्वा खाली चहाला गेलेली.
त्यानं तोंड उघडलं.
मी वाकलो, ओठ तयार ठेवले.
अंगठा बोटावर दाबलेला होता.
मी काही बोललो नाही.

नर्स मला रागावली, बेल का नाही दाबली म्हणून.
तिचं बरोबर होतं.

गंगव्वा दोन कप घेऊन वर आली.
बराच वेळ उभी राहिली, मग विचारलं,
"काय बोल्ले काय?"
मी एक वाक्य दिलं.
पाचव्या सिनेमातलं.
तिनं ओळखलं असावं.
एक कप माझ्याकडं केला,
दुसरा खिडकीत ठेवला.