वीस मिनिटं

थोरल्या दवाखान्यात रात्री सव्वादोनला
सातापा गुळव्याला आणलं मेव्हण्यानं,
मोटारसायकलवर मधे बसवून, धोतरानं बांधून.
चिपाडाच्या ढिगात हात घातला आणि घोणस.
"कुकरगत शिट्टी मारत हुती, आमाला वाटलं चुलवाण."

दंडाची दोरी मी सोडली, कडं कापलं.
मुजावर मॅडमनी कोऱ्या काचेच्या नळीत
दोन मिली रक्त घेतलं, उभं ठेवलं.
"हलवू नका कुणी. वीस मिनिटं."

हात कोपरापर्यंत सुजलेला,
ह्याचा जीव मात्र काहिलीत:
"आदाण चुलीवर हाय सिस्टर, मळी काढून झालीया,
आता कोण बघंल?"
मी विचारलं, गूळ झाला हे कळतं कसं?
"गार पाण्यात थेंब सोडायचा.
बोटाला घावला तर गूळ.
पळाला तर काकवी."

दोन एकेचाळीस.
मॅडमनी नळी तिरकी केली.
पळालं.
काकवीसुद्धा नव्हे, निव्वळ रस.

दहा कुप्या. आत पांढरी भुकटी.
पाणी घालून तळव्यांत हळू फिरवायची,
हिसडली की फेस येतो.
लेबलवर बारीक अक्षरात घोडा.

लहानपणी रंकाळ्यावर एका घोड्यावर बसले होते,
दोन रुपयांत एक फेरी, तो सारखा मान खाली घालायचा.
हा दुसरा. कुठल्याशा पागेत, नाव नाही, नंबर.
नाग, मण्यार, फुरसं, घोणस,
चौघांचं जहर थेंबाथेंबानं पचवलेला.
रक्त काढून घेतात,
तांबड्या पेशी म्हणे परत देतात त्याला.
पिवळं पाणी आपण ठेवतो.
त्याला कुणी विचारलं नव्हतं. सातापालाही नाही.

सलाईन सुरू झालं. ॲड्रेनालीन भरून हाताशी ठेवलं,
कारण घोड्याचं देणं कधीकधी अंगावर उठतं.
गांध्या, खाज, धाप. मी टॉर्चनं छाती बघत बसले.
एवढ्याशा दोन गांध्या आल्या, विरल्या.

ड्यूटी आठला संपली.
पावणेदहापर्यंत थांबले, घरी काय सांगू.
नवी नळी, नवी वीस मिनिटं.
मॅडमनी माझ्याच हातात दिली.
उलटी केली.
थेंब हलला नाही.

"घावला," मी म्हटलं.
सातापानं डोळे उघडले. मेव्हण्याकडं बघितलं.
"आन् आदाण?"
मेव्हणा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "करपलं."

रात्रभर न रडलेला माणूस
तेव्हा रडला.