पांढऱ्या खांद्याचं सिलिंडर

आडनाव हेडाऊ. गोळीबार चौकात घर.
बाप मागावर, मी मेडिकलात,
लहान मुलांच्या वॉर्डात सिलिंडर ओढायला.
अंग काळं, खांदा पांढरा,
ऑक्सिजनची खूण. अंधारातही चुकत नाही.

बापाचा धोटा जायचा-यायचा, जायचा-यायचा,
मध्येच थांबवून तो विडी पेटवायचा.
इथं पोरांचा श्वास धोट्यासारखा,
पण थांबायची सोय नाही.
सिस्टर थूल घड्याळ धरून उघड्या पोटाकडे बघायच्या,
मिनिटाला सत्तर, मिनिटाला ब्याऐंशी,
बरगड्यांखाली खड्डा पडतो, भरतो, पडतो.
आया म्हणायच्या, डबा झाला जी पोट्ट्याले.
कुणी बिब्ब्याचा डाग देऊन आणलेलं,
कुणी कामठीहून ऑटोत.
ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाहीत
की काय ते समजायचं.

डिसेंबर म्हणजे एका रात्रीत अकरा फेऱ्या.
एका खाटेवर दोन पोरं, उलटसुलट डोक्यानं,
एका सिलिंडरला दोन नळ्या.
झोपेतही माझा हात डावीकडे वळायचा, पाना धरल्यासारखा.
बायको विचारायची, कोणाचा कान पिळून राहिले?

नक्की वर्ष सांगता येणार नाही.
कुणी पेढे वाटले नाहीत.
एक डिसेंबर आला, फेऱ्या सात.
मला वाटलं, दुसऱ्या पाळीचा नत्थू माझं काम करतो.
पुढच्या डिसेंबरात चार.
स्टुलावर बसून राहिलो
आणि इतक्या वर्षांनी दिसलं
की वॉर्डाला पूर्वेची खिडकी आहे.

शिकाऊ डॉक्टरीण आली, धवड आडनावाची,
मांडीवर जाडं रजिस्टर.
काका, आधी किती यायची हो?
आकडा मला कुठला.
फरशीवरची चाकांची चाकोरी दाखवली,
जिन्यापासून वॉर्डाच्या दारापर्यंत.
ती हसली. मग वाकून तिनं त्यात बोट घातलं.
म्हणाली, मांडीतल्या लशीनं झालं हे,
दीड महिना, साडेतीन महिने, मग नववा.
एकटीनंच नाही, पण पुष्कळसं तिनंच.

ती लस मला माहीत होती की!
चौकात मारुतीच्या पारावर खोब्रागडेबाई यायच्या,
निळा डबा खांद्याला, पट्ट्याखाली रुमालाची घडी.
रांगेतली पोरं सुई दिसायच्या आधीच रडायची,
रात्री ताप, आणि सकाळी म्हाताऱ्या बाईंच्या नावानं बोटं मोडायच्या.
मीही मोडली. नातीचे पाय मीच धरले होते.
पण त्या खांद्याचा आणि माझ्या खांद्याचा
हिशोब एकच आहे,
हे कधी डोक्यात आलं नाही.

आता कुणी येतच नाही असं नका समजू.
मागच्या थंडीत एक आलं, अकरा महिन्यांचं,
कन्हानकडच्या वीटभट्टीवरचं.
कार्डावर एकच खूण, मग माय-बाप कामामागं निघून गेलेले.
मी व्हॉल्व्ह उघडला.
बाटलीत बुडबुडे सुरू झाले.
सकाळी सातला माझी ड्यूटी संपली,
त्याची संपली नव्हती.

जी पोरं वॉर्डात आलीच नाहीत
त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात?
सिस्टर थूलना विचारलं असतं, त्या रिटायर झाल्या.

संक्रांतीला गच्चीवर गेलो.
आजूबाजूच्या पत्र्यांवर पोट्टीच पोट्टी, नाक वाहतंय, पायात चप्पल नाही,
पतंग कापला की सगळी एकदम, ओ काट!
कानठळ्या.
शेजारच्या परात्यांच्या पोरानं माझ्या हातात चक्री दिली,
आजोबा, ढील द्या, ढील!
हात सवयीनं
डावीकडे वळला.