पर्याय क्रमांक एक

बाबांच्या टेम्पोत मागे उभे असतात सिलेंडर,
काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्यांचे,
साखळीनं बांधलेले.
हिंगण्याहून धंतोलीपर्यंत
दर स्पीडब्रेकरला एकमेकांना खेटतात.
भरलेला वाजतो ठस्स,
रिकामा टण्ण.
हे मला दहावीच्या आधीपासून येतं.
कुठल्याच पेपरात विचारलं नाही.

नीटचे मार्क सांगत नाही.
तांडापेठेत ते आधीच पोचलेत,
धोट्यासारखे, या घरातून त्या घरात.

त्या दिवशी सही घ्यायला बाबांनी मला वर पाठवलं.
आयसीयूच्या काचेतून दिसल्या फुलझेले मॅडम.
डॉक्टर नव्हत्या. नर्सही नव्हत्या.
उशाशी उभ्या, एक हात मशीनवर,
एक हात म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर,
आणि नजर कुठंच नाही,
जशी आई पोळी फुगायची वाट बघते.
मग त्यांनी एक बटण अगदी थोडं फिरवलं.
माणसाच्या कपाळावरची आठी गेली.
एवढंच झालं.
मी चलान तसंच हातात धरून उभी,
खाली बाबा हॉर्न वाजवतायत.

वहीच्या शेवटच्या पानावर
पट्टीनं रेघा मारल्या:
कॉलेज, फी, होस्टेल, बस.
पुण्याच्या ओळीत फीचा आकडा
रकान्याबाहेर गेला.
नागपूरच्या ओळीत जागा इतक्या थोड्या
की बोटांवर मोजून
अंगठा शिल्लक राहिला.
खाली पेन्सिलनं लिहिलं,
वर्षं चार, त्यात इंटर्नशिप,
मग नोकरी, कंसात प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्ह खोडलं.
पुन्हा काढलं.

मावशी म्हणाली, श्वासाचा कोर्स?
म्हणजे तू प्राणायाम शिकवशील काय लोकायले?
त्याले कॉलेज कायले पाहिजे वं?
फार्मसी कर. दुकान तरी टाकता येते.

सेतू केंद्रात रांग, पंखा बंद,
पुढच्या बाईच्या पदराला खसचा वास.
डोमिसाइल आहे. उत्पन्नाचा दाखला आहे.
व्हॅलिडिटीची पावती आहे,
व्हॅलिडिटी नाही.
खिडकीतला माणूस म्हणाला, पावती चालते कधी कधी.
मी ते ‘कधी कधी’ घडी घालून
फाइलमध्ये ठेवलं.

रात्री बाबा जेवताना म्हणाले,
नाव सांग एकदा त्या कोर्सचं.
सांगितलं.
रेस्पि... म्हणाले. रेस्पिरे...
पाणी प्याले.
मंग असं म्हण ना,
गेटापर्यंत हवा मी नेतो,
गेटाच्या पुढं तू.
मला हसू आलं, मग नाही आलं.
फी त्यांनी विचारली नाही.
मीही वही उघडली नाही.

फॉर्ममध्ये पर्यायांचे पाच रकाने.
सायबर कॅफेतला राजेंद्र ढोबळे
टाइप करता करता विचारतो, पहिला कोणता टाकू?
नर्सिंग टाक, सेफ आहे,
माझी बहीण तेच करून राहिली.
मी म्हटलं, थांब.
त्यानं बोट अधांतरी ठेवलं.
बाहेर गोळीबार चौकात कुणाची तरी ॲम्ब्युलन्स
वाट मागत होती, मिळत नव्हती.
टाक, म्हटलं, रेस्पिरेटरी.
पहिल्यावरच?
पहिल्यावरच.
दुसऱ्यावर नर्सिंग टाकलं.
मी काही शूर नाही.

आत्ता लाइट गेली आहे.
कूलर शेवटची घरघर करून थांबला
आणि घर एकदम ऐकू यायला लागलं.
बाबा आडवे झालेत, तोंड उघडं,
वीस वर्षं सिलेंडर उचलून
एक खांदा उतरलेला.
मोबाइलच्या उजेडात मोजते,
एका मिनिटात अठरा.
ठीक आहे बहुतेक.
पण दर श्वासाच्या शेवटी, सुटताना,
बारीक शिट्टी वाजते,
चार घरं पलीकडे कुकर लागल्यासारखी.
तिला नाव आहे म्हणे.
कशानं वाजते तेही आहे,
दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात.

यादी शुक्रवारी लागेल.
मी पुन्हा मोजते.