बारावा महिना

प्रांजली, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर हे आकडे मी कुणाला दाखवत नाही.

बेलतरोडीला ती जागा घेतली
तेव्हा समोर तुरीचं वावर होतं,
आणि तितरमारे नावाचा एजंट
तुरीवरून हात फिरवत म्हणाला,
'इथून मेट्रो, तिथून एम्स,
पंधरा हजार भाडं, मॅडम, डोळे मिटून.'
छत्तीस वर्षं मेयोत रात्रपाळ्या केल्या मी.
डोळे उघडे ठेवायचाच पगार घेतला,
आणि बत्तीस लाखांच्या कागदावर
नेमके तिथेच मिटले.

पंधरा गुणिले बारा.
बिछायतीवर बसून किती वेळा केला हा गुणाकार,
जपमाळ ओढावी तसा.
त्यात माझी काशी होती, दातांची कवळी होती,
दिराला न विचारता घ्यायचा फ्रिज होता.

आता तू वही काढ.
पंधरा नाही, साडेनऊ. तेही कूलरसकट.
बारा नाही, दहा. कारण करार अकरा महिन्यांचा
आणि मधे एक महिना लोक
'उद्या देतो ना बाप्पा' यात घालवतात,
आणि मग तो डिपॉझिटमध्ये कुठेतरी विरघळतो.
सोसायटीचे चौदा हजार चारशे, घर रिकामं असलं तरी.
महापालिकेचे सहा हजार आठशे.
तितरमारेचे साडेनऊ. तो माणूस
एकाच झाडाची फळं दर वर्षी नव्याने विकतो.
रंगाचे अकरा. नळ, फ्लश, कूलरची मोटर,
असे तेहेतीसशे.
उरले पन्नास हजार.
शेकड्याला दीड रुपया, पोरी.
पोस्टातली बाई याच्या चौपट देत होती
आणि वर पेनही.

जागेची किंमत वाढते म्हणतात.
वाढली असेल. विकल्याशिवाय कळत नाही,
आणि विकायची म्हटली की तितरमारे
पुन्हा तुरीकडे हात करतो.
तूर आता नाही. तिथे दुसरी इमारत आहे,
तिच्यातही सहा घरं रिकामी.

नवतपात गेले होते मी.
लांजेवार मंडळी सामान घेऊन भंडाऱ्याला परतली होती.
वरचा मजला, गच्चीखालचं घर,
भिंतीला हात लावला तर तापलेल्या पेशंटसारखी.
याबद्दल भाडेकरूंशी मी
तीन वर्षं भांडत आले होते:
'आम्ही नाही का राहत नागपुरात?'
त्या दिवशी दुपारी दोन ते पाच
फरशीवर ओला टॉवेल टाकून पडले,
आणि पाचला उठून
माझ्या पुरते पाचशे कमी केले.

स्विचबोर्डाजवळ पेन्सिलीने यादी होती.
सिलिंडर. पाण्याची कॅन. इलेक्ट्रिशियन.
चौथी मी: 'मालकीण, दुपारी झोपते.'
हसू आलं. राग यायला हवा होता.
पेंटर म्हणाला, काकू, पुसू?
पूस म्हटलं, त्याचेच तर पैसे देते तुला.

घेऊ नको असं मी म्हणत नाही.
घे. पण दहानेच गुण,
बाराने गुणायचं काम एजंटला करू दे.
एक मे महिना स्वतः तिथे काढ.
आणि त्या भाड्यात काशी बसवू नको,
रामटेक बसव, तेही येऊन-जाऊन.

मला? मला महिन्याला चार हजार शंभरेक पडतात.
गोळ्या येतात त्यात, आणि केबल.
फ्रिज जुनाच आहे, दार दोरीने बांधते.

काल नवीन जोडपं येऊन गेलं,
थावकर, दोघंही मिहानमध्ये कामाला.
नऊ सांगितले. 'दुपारी भाजतं घर,' हेही.
तितरमारे माझ्याकडे बघतच राहिला.
मुलीने विचारलं, तुमचा नंबर कुठे लिहू?
मी नव्या रंगाकडे पाहिलं,
आणि स्विचबोर्डाकडे बोट केलं.
'तिथेच. इलेक्ट्रिशियनच्या खाली.'