गुणक

कालामातल्या आमच्या प्रयोगशाळेत
नळाचं पाणी कुणी पीत नाही. सवय.

एर्मिनिया कोल्के पिपेटचं टोक
काचेला टेकवते. शेवटचा थेंब
फुंकत नाही, आपणहून उतरू देते.
"मूळ बाटलीत लिटरला हजार मिलिग्रॅम.
त्यातलं एक मिली, शंभर मिलीत. किती?"
दहा.
"त्यातलं पुन्हा एक, शंभरात?"
शून्य पूर्णांक एक. म्हणजे शंभर मायक्रोग्रॅम.
"आता त्यातलं दहा मिली घे."
दहा मायक्रोग्रॅम, मी म्हणते.
तीन पायऱ्यांत लाखपट विरळ,
आणि फ्लास्क पहिल्याइतकाच नितळ.
आर्सेनिकला ना रंग, ना वास.
खिडकीशी धरून पाहिलं,
पलीकडचं वाळवंट तेवढं उलटं दिसलं.

सूत्र मी घोकून आले होते.
ती म्हणाली, सूत्र राहू दे.
जेवढं उचललंस तेवढंच आहे त्यात.
पाणी वाढवलं म्हणून विष कमी होत नाही गं,
पांगतं.

मग पुरिताकाच्या विहिरीचा नमुना.
आलेखाची रेघ संपते
त्याच्याही पलीकडं गेला.
दहापट विरळ केला, परत लावला.
नऊ.
मर्यादा दहाची. मला हायसं वाटलं,
हात वहीकडं गेला,
तिनं मनगट धरलं. घट्ट.
"आधी गुणक लिही. आकडा नंतर."
गुणिले दहा.
नव्वद.

पुरिताकाची म्हातारी माणसं
हात मिळवत नाहीत कुणाशी.
तळव्यांवर मक्याच्या दाण्यांसारखे घट्टे,
ते खिशात ठेवतात.
माझी आत्या तिथलीच. हातमोजे विणते,
उन्हाळ्यातसुद्धा.

दुपारी जुनी वही काढली,
नुसतं ताडून बघायला.
एकतीस वर्षांपूर्वीची, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
तीच विहीर.
वाचन: नऊ.
गुणकाचा रकाना कोरा.
शेरा: पिण्यास योग्य.
खाली दोन अक्षरं,
त्यातल्या पहिल्याची शेपटी
आज सकाळच्या लेबलांवर आहे तशीच.

ती बेसिनशी उभी होती.
फ्लास्क तीनदा विसळायचा असतो,
दर खेपेला थोडंच पाणी, नीट निथळून.
तीन खेपांनंतर आत किती उरतं
हे काढायलाही तिनंच शिकवलंय मला.
मी चौथी खेप धरून केलं, पाचवी धरून केलं.
शून्य येत नाही.

ती विसळतच होती. सातवी असेल.
"काय बघतेस?"
जुने नमुने, मी म्हणाले.
पाणी बंद झालं.
"रकाने बघ," ती म्हणाली,
माझ्याकडं न वळता,
"सगळ्या वह्यांचे."
आणि कपाटाची किल्ली
ओल्या हातानं टेबलावर ठेवली.